जीपवाल्यांचा संघ

आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर फुटबॉल खेळायचा तर आधी तिथी बघावी लागे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दुपारी भरती असते, त्यामुळे संध्याकाळी पाणी दूर जाऊन ओल्या वाळूचं छान मैदान तयार होई. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस आले की ऐन खेळाच्या वेळी भरती. मग आम्ही सुरूच्या झाडांखाली नुसतेच बसून मुंबईच्या संघांच्या गप्पा मारायचो. या गप्पांमध्ये एक नाव हटकून येई, महिंद्रा. वसईतला चांगला खेळणारा मुलगा तेव्हा मनाशी एकच धरून असे, कुठल्या तरी कंपनीच्या संघात नंबर लागावा. त्याला चषकापेक्षा नोकरी हवी असे.

हे आजच्या तरुण श्रोत्यांना जरा समजावून सांगायला हवं. मुंबईत फुटबॉल रुजवला तो ब्रिटिश पलटणींनी. रोव्हर्स चषक स्पर्धा 1891 साली इथे सुरू झाली आणि तो चषक पहिल्यांदा भारतीय संघाकडे गेला 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्सकडे. पुढे मुंबईतला खेळ सांभाळला तो कारखाने, गिरण्या, रेल्वे आणि बँकांनी. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे अशी नावं जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी असत. खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असे. सकाळी सराव, मग कचेरीत किंवा खात्यात काम, आणि सामना असला की सुट्टी. पाय थकले तरी पगार थांबत नसे, खेळ संपल्यावरही निवृत्तीपर्यंत टेबल मिळे. कोलकात्यातली गोष्ट वेगळी. मोहन बागान 1889 चा, ईस्ट बंगाल 1920 चा. ते सभासदांचे क्लब. आमच्याकडे क्लब म्हणजे कंपनीचंच एक खातं.

महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ 1962 साली उभा राहिला. जीपगाड्या बनवणाऱ्यांचा संघ, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रं त्यांना जीपमेन म्हणत. आम्ही सरळ जीपवाले म्हणायचो. कितीतरी वर्षं तो मुंबईतल्या चांगल्या संघांपैकी एक, एवढीच त्याची ओळख होती. देशभर नाव व्हायला 1998 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी त्यांनी दिल्लीचा ड्युरँड चषक जिंकला. त्याच सुमारास सगळं चित्रच बदलत होतं. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. वर्षभर गावोगाव जाऊन सामने खेळायचे, परदेशी खेळाडू आणायचे, कराराने पैसे द्यायचे. दुपारी कामावर जाणाऱ्या कारकुनांच्या संघाला हे झेपणारं नव्हतं. बऱ्याच कंपन्या मागे सरल्या. महिंद्राने मात्र उलट केलं. संघ पूर्ण व्यावसायिक केला आणि नाव ठेवलं महिंद्रा युनायटेड.

मग आठ-दहा वर्षं या संघाने आम्हाला जे दिलं ते मुंबईच्या प्रेक्षकाने आधी पाहिलं नव्हतं. 2001 मध्ये पुन्हा ड्युरँड. 2003 मध्ये फेडरेशन चषक, इंग्लंडचे डेव्हिड बूथ प्रशिक्षक असताना. आणि मग 2005-06 चा तो हंगाम. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः साळगावकरचे जुने बचावपटू. पुढच्या फळीत घानाचा युसिफ याकुबू आणि आधी मोहन बागानकडून खेळलेला ब्राझीलचा होझे बारेटो. कडेने धावणारा मुंबईचा स्टीव्हन डायस. या संघाने फेडरेशन चषक घेतला आणि राष्ट्रीय लीगही जिंकली. त्याआधी लीगचं विजेतेपद पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्याबाहेर कधी गेलंच नव्हतं. महाराष्ट्रात ते पहिल्यांदा आलं. शहरात त्या दिवशी किती जणांना हे कळलं असेल? क्रिकेटच्या पानाखाली चार ओळी आल्या असतील.

त्या काळात मी आणि माझा एक मित्र सामन्याला जायचो. एस्टीने नालासोपारा, तिथून लोकलने चर्चगेट, पुढे ओव्हल मैदानाच्या कडेने चालत कूपरेज. मित्र आमच्याच आळीतला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळणारा. एका गिरणीच्या संघात त्याचा नंबर लागता लागता ती गिरणीच बंद पडली होती. डायसच्या पायात चेंडू आला की तो उभा राहायचा आणि सामना संपेपर्यंत त्याला बसवणं मुश्कील असायचं. मागचे लोक ओरडायचे, मी माफी मागायचो.

2007 मध्ये महिंद्राचा संघ आशियाई एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे लेबनॉनच्या नेजमेने त्यांना अडवलं. 2008 मध्ये आयएफए शिल्ड आणि ड्युरँड, दोन्ही. आणि 2010 मध्ये कंपनीने जाहीर केलं की हंगाम संपल्यावर संघ बंद. यापुढे लक्ष शालेय पातळीवरच्या फुटबॉलकडे देणार, असं कारण सांगितलं गेलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ. हरून नव्हे, खालच्या श्रेणीत घसरून नव्हे, एका निवेदनाने संपला.

मला तेव्हा फार राग आला होता. आता हिशेब मांडून पाहतो तेव्हा राग थोडा निवतो, पूर्ण नाही. क्लबला पैसा येतो तिकिटांतून, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, जाहिरातदारांकडून आणि खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन. कूपरेजच्या तिकिटांत परदेशी खेळाडूचा पगार सोडा, संघाचा प्रवासही निघाला नसता. दूरचित्रवाणीची मिळकत नगण्य. म्हणजे मालकच जाहिरातदार आणि मालकच गिऱ्हाईक. असा संघ संचालकांच्या एका बैठकीवर जगतो. जुन्या पद्धतीत खेळाडूला निदान नोकरी होती. कराराच्या पद्धतीत संघ गेला की करारही गेला. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, पहिल्या लीगचा विजेता पंजाबचा जेसीटी असाच बंद झाला. 2016 मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. पण ते गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, आणि धेंपो तर 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतलाही. गावात पाळंमुळं असली की हा फरक पडतो.

हे आपल्याकडेच होतं असं कुणी समजू नये. युक्रेनमध्ये द्निप्रो नावाचा क्लब होता, कारखान्याच्या कामगारांतून 1918 मध्ये निघालेला. पुढे त्या शहरातल्या रॉकेट बनवणाऱ्या कारखान्याचा त्याला आधार मिळाला आणि सोव्हिएत काळात त्याने 1983 आणि 1988 अशी दोन विजेतेपदं घेतली. 2015 मध्ये तो युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात सेव्हियाशी 2-3 असा हरला. त्यानंतर उद्योगपती मालकाने हात आखडता घेतला, देणी थकली, क्लबला खालच्या श्रेणींत ढकललं गेलं आणि चार वर्षांत तो नाहीसा झाला. त्याच देशातल्या लुहान्स्कचा झोर्या, 1972 चा सोव्हिएत विजेता, 2014 मध्ये लढाई पेटल्यापासून स्वतःच्या गावात एकही सामना खेळू शकलेला नाही, तरी तो टिकून आहे.

मुंबईला 2014 मध्ये मुंबई सिटी मिळाला, त्याने मोठी विजेतेपदंही घेतली. महिंद्राकडून खेळलेले खालिद जमील यांनी प्रशिक्षक म्हणून 2017 मध्ये मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. ती बातमी मी मित्राला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "माहिती आहे रे. आपल्यासमोरून थ्रो घ्यायला यायचा की तो." मग लगेच विचारलं, रविवारी ओहोटी किती वाजता आहे. हल्ली तो आळीतल्या पोरांना किनाऱ्यावर खेळवतो, आणि मला जुनं कॅलेंडर काढून तिथी सांगावी लागते.