पेशीचें रूप आणि पेशीचें काम

शाळेंतील पेशीचा पाठ म्हणजे बहुधा एक आकृति आणि तिच्याभोंवतीं बाणांनीं दाखविलेलीं आठदहा नांवें. मुलें तीं घोकतात आणि परीक्षा संपतांच विसरतात. त्याऐवजीं शिक्षकानें वर्गापुढें एकच प्रश्न ठेवावा : या पेशीचें काम काय, आणि त्यासाठीं हेंच रूप कां ?

रक्तांतील तांबडी पेशी घ्या. फुप्फुसांतून प्राणवायु घेऊन तो देहाच्या कानाकोपऱ्यांत पोंचविणें हें तिचें काम. तिचा आकार दोन्ही बाजूंनीं मध्यें दबलेल्या चकतीसारखा. ती वाटोळी गोळी असती तर ? वायूला गाभ्यापर्यंत पोंचण्यास अंतर अधिक पडलें असतें. शिवाय गच्च भरलेली पिशवी वांकत नाहीं. अर्धवट भरलेली मात्र दुमडून अरुंद वाटेनेंही निघून जाते. म्हणूनच ही पेशी आपल्याहून निरुंद अशा केशवाहिनींतूनही पार होते. पक्व होतांना ती आपलें केंद्रकही टाकून देते आणि ती जागा प्राणवायु वाहणाऱ्या हिमोग्लोबिनास मिळते. त्याचें मोल तिला द्यावें लागतें : स्वतःची डागडुजी करतां येत नसल्यामुळें सुमारें १२० दिवसांत तिचें आयुष्य सरतें.

आतां हें रूपच बिघडलें तर काय होतें तें पाहूं. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं एका रुग्णाच्या रक्तांत आढळलेल्या विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे, हें १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. प्राणवायु सोडतांच हे सदोष रेणु एकमेकांस चिकटून त्यांचे लांब दोर बनतात. मग पेशी ताठ होते, केशवाहिनींत अडकते आणि अकालींच फुटते. रुग्णाच्या वांट्यास तीव्र वेदना व पंडुरोग येतात.

हा विकार आपल्या विदर्भांत आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांतही आढळतो. तो संसर्गानें होत नाहीं, आनुवंशिक आहे. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो. परंतु रक्ततपासणीनें तो ओळखतां येतो.

चकती कां हवी हें ज्या विद्यार्थ्यास उमगलें, त्याला विळा घातक कां हें निराळें सांगावें लागत नाहीं. उद्यां विवाहापूर्वी अशा तपासणीचा कागद हातीं आला, तर तो त्याला लज्जेनें लपविणार नाहीं; समजून वाचील.