कुत्र्याचा घास, फोडणीच्या आधी

पांढुर्णा-सौंसरकडे उरलेलं अन्न टाकून देणं बरं मानत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर गोटमार रंगलेली असते तेव्हाही रात्रीचा पाटोडीचा रस्सा, मटणाची हाडं, शिळी पोळी दारातल्या कुत्र्यापुढे येते. भावना चांगलीच आहे. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रा पोळी पळवतो आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. आमच्या सेंट रॉकच्या कथेत तर कुत्राच आजारी संताला भाकरी आणून देतो. पण नामदेवांच्या वाटीत तूप होतं, कांद्याचा रस्सा नव्हता!

खरी गडबड कांद्याचीच. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हा गुण जात नाही. वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तावर परिणाम दिसतो. म्हणजे 10 किलोच्या गावठी कुत्र्याला मध्यम आकाराचे दोन कांदे पुरतात; रोज थोडं थोडं दिलं तरी ते साचत जातं. हिरड्या फिक्या पडतात, दम लागतो, लघवी तांबूस होते, पण हे बहुतेक वेळा काही दिवसांनी. तोवर रस्सा कोणाला आठवतो? आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. म्हणून “आमच्या कुत्र्याला सगळं पचतं” हे मला पटत नाही. गल्लीतलं कुत्रं दिसेनासं झालं, तर ते काय खाऊन गेलं हे कोण विचारतं?

द्राक्षं आणि मनुकांचं प्रकरण आणखी विचित्र. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, काहींची मूत्रपिंडं थोडक्या मनुकांनीही निकामी होतात. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा गोळाही कुत्र्यापासून लांब ठेवा. शिऱ्यातले किसमिस वेचून काढा. आणि आमचा नाताळचा केक? मनुका, रम, कधी चॉकलेटही. कुत्र्यासाठी तिन्ही वाईट.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणसाचं शरीर लवकर निपटतं, कुत्र्याचं फार हळू. चॉकलेट जितकं काळं, तितका धोका जास्त. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर अर्ध्या तासातही रक्तातली साखर उतरवतं. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात, आतडं फाडू शकतात.

आपल्या संत्र्याचं काय? साल-बिया काढून एखादी फोड चालते. नाहीतर फोडणी घालण्याआधी थोडं वरण-भात बाजूला काढा, पोळी कोरडीच द्या. एवढ्यानं भागतं.

चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानं जास्त बिघडतं. लक्षणांची वाट न बघता सरकारी पशुचिकित्सालयात न्या किंवा 1962 वर फोन लावा. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं अंदाजे वजन एवढं सांगा. पाकीट असेल तर सोबत न्या.