श्वासाचे यंत्र पारखून घ्या
आपल्या समाजातील काही मुले आता पाणबुड्याचे काम शिकत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. नौकेवरून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांना एकच सांगणे : रेग्युलेटर दिमाख पाहून घेऊ नका. टाकीतील सुमारे २०० बार दाबाची हवा श्वासाजोगी करणारे हे यंत्र बिघडले, तर जिवाशी गाठ असते.

साध्या पिस्टनच्या रेग्युलेटरमध्ये सुटे भाग कमी, म्हणून दुरुस्ती सोपी. डायफ्रॅमच्या प्रकारात खारे पाणी व गाळ आतील यंत्रणेपासून दूर राहतो. कोणताही घ्या, पण वाटेवरच्या बंदरांत त्याचे भाग आणि जाणता कारागीर मिळेल काय, हे आधी विचारा. निघण्यापूर्वी सर्व्हिसिंग करा. जादा ओ-रिंग, माउथपीस जवळ ठेवा. प्रत्येक बुडीनंतर धूळटोपी लावून गोड्या पाण्याने धुवा.

भरसमुद्रात दुकान नसते. शहाणपण किनाऱ्यावरच दाखवावे. जयभीम!