मुलगा ‘कर्ता’ केव्हा होतो?

साखळी : मिसरूड फुटले म्हणून मुलगा पुरुष होत नाही, हे प्रत्येक घर जाणते. मग तो नेमका केव्हा होतो? कायद्याने याचे एकच उत्तर दिलेले नाही. मताधिकार अठराव्या वर्षी मिळतो. 1989 पूर्वी त्यासाठी एकविसावे वर्ष लागत असे. मालवाहू ट्रक चालवण्यासाठी वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात, विवाहासाठी एकवीस. समाजाचे माप मात्र वयाचे नसते. घरात चार पैसे आणू लागला की मुलगा ‘कर्ता’ झाला, असे म्हटले जाते. साखळी-डिचोली परिसरात हे माप काही काळ एकाच वस्तूत सामावले होते : ट्रकची किल्ली.

किल्लीने दिलेली प्रतिष्ठा

2000 नंतर चीनची मागणी वाढली आणि खनिज लोहाला भाव आला. खाणीपासून आमोणे, नावेली, सारमानसच्या धक्क्यांपर्यंत टिपर ट्रकांच्या रांगा लागल्या. कर्ज काढून ट्रक घेणे हा अनेक घरांचा व्यवसाय झाला. पुढचे शिक्षण घेण्यापेक्षा खेपा मारणे तरुणाला अधिक लाभाचे वाटू लागले. कमाईबरोबर घरातील शब्दाला वजन आले, लग्नाची बोलणी सुरू झाली. बालपण आणि कर्तेपण यांतील अंतर एका वाहनाने भरून काढले.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. 2014 मध्ये मर्यादित उत्खननास मुभा मिळाली. पण 7 फेब्रुवारी 2018 च्या निवाड्याने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. ट्रक थांबला, हप्ता थांबला नाही. सरकारने अर्थसाहाय्य आणि कर्जसवलतीच्या योजना आणल्या. त्यांतून आर्थिक भार काहीसा हलका होऊ शकतो. परंतु काल घर चालवणाऱ्याला आज वडिलांपुढे हात पसरावा लागला, तर त्याची भरपाई कोणत्याही योजनेत नसते. ‘पुरुषाने रडू नये’ या शिकवणीमुळे असे दुःख बोलूनही दाखवता येत नाही. ते मग अबोल्यातून, चिडचिडीतून किंवा मद्याच्या पेल्यातून बाहेर पडते.

धोंडांचे माप

याच तालुक्यात पुरुषपणाचे एक वेगळे आणि जुने मापही जिवंत आहे. शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेपूर्वी व्रतस्थ धोंड, प्रामुख्याने पुरुष, सोवळ्याने राहतात. मद्य-मांस वर्ज्य असते. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत हाती वेत घेऊन ते तळीत स्नान करतात आणि पहाटेपूर्वी होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालतात. वडिलांमागोमाग कोवळ्या वयाची मुलेही हे व्रत स्वीकारतात.

अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये अशा विधींचे तीन टप्पे सांगितले : नित्य जीवनापासून वेगळे होणे, मधली कसोटी आणि नव्या मानाने परतणे. धोंडांच्या व्रतात हे तिन्ही दिसतात. हा मान कमाईवर अवलंबून नाही. तो संयमावर आणि बरोबरीच्यांच्या सोबतीवर उभा असतो. म्हणूनच खाण बंद पडली तरी तो हिरावला जात नाही. अर्थात, व्रताने पोट भरत नाही आणि सर्वांनीच ते घ्यावे असेही नाही. परंतु मुलाला मोठे करण्यासाठी ज्येष्ठांनी त्याच्यासोबत चालावे लागते, हा त्यातील बोध सर्वांसाठी आहे.

पुढची वाट

लिलावानंतर डिचोलीतील खाणकाम 2024 मध्ये पुन्हा सुरू झाले. तरीही एकाच मिळकतीवर पिढीचे कर्तेपण तोलण्याची चूक पुन्हा परवडणारी नाही. साखळीच्या शासकीय महाविद्यालयातील वा डिचोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलाला ‘नोकरी लागली का?’ एवढेच विचारले जाते. ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न क्वचितच येतो. आजारी आईची शुश्रूषा करणारा, घरकामात हात लावणारा, अपयश मान्य करून नवे काम शिकणारा मुलगाही कर्ताच होय. मन फारच खचले असेल, तर ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. मदत मागणे हे दुबळेपण नाही, एवढे घरातील एका ज्येष्ठाने जरी मुलाला सांगितले, तरी त्याची पुढची वाट सुकर होईल.