न बोलावलेले पाहुणे
घरातल्या फोनवर येणाऱ्या जाहिराती आणि त्यांना दाराबाहेर ठेवण्याचे उपाय

रमजानमध्ये इफ्तारची नेमकी वेळ पाहायला फोन उघडावा आणि वेळापत्रकाच्या वर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात नाचताना दिसावी, हा अनुभव आता भिवंडीत कुणालाही नवा नाही. निजामपुऱ्यातल्या जुन्या कोकणी घरात असो, शांतीनगरमधल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात असो, फोन एकच असतो आणि तो सगळ्यांच्या हातून फिरतो. सकाळी अब्बू त्यावर सुताचे भाव बघतात, दुपारी अम्मी पदार्थाची कृती शोधते, संध्याकाळी मुलगी दहावीच्या नोट्स उतरवून घेते आणि रात्री धाकटा क्रिकेटचा स्कोअर बघत बसतो. चौघांना चार वेगळ्या जाहिराती दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा अशा असतात, ज्या आपण आपल्या घराच्या भिंतीवर कधीही लावू दिल्या नसत्या.

व्याज, जुगार आणि बेहयाई या तीन गोष्टींपासून घर लांब ठेवावे म्हणून आपण किती धडपडतो! कुरआनच्या सूरह अल-माइदामध्ये जुगार थेट शराबच्या जोडीला बसवलेला आहे, तर सूरह अन-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही आहे. पण ‘पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रे नकोत’ ही जाहिरात यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कारागिराला महिनाअखेरीस, पगार संपलेला असताना दिसते, तेव्हा ती साधी जाहिरात राहत नाही. ‘आमच्या मुलाला वाईट वळण लागले’ असे म्हणण्याआधी ते वळण फोनमध्ये कोणी आणून ठेवले, हे बघायला हवे.

जाहिरात नेमकी आपल्यालाच कशी सापडते? आपल्या गावात ग्रे कापडाचा सौदा कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. विणणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे दलाल. इंटरनेटवरही तसेच आहे, फक्त तिथे विकला जाणारा माल म्हणजे आपले लक्ष. आपण एखादे पान उघडले की त्या पानावरची रिकामी जागा डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलावात निघते. बोली लावणाऱ्यांना सांगितले जाते की समोरचा माणूस साधारण कुठल्या भागात आहे, त्याच्याकडे कोणता फोन आहे, याआधी त्याने काय काय पाहिले. ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात. ज्याने बोली लावली पण जिंकली नाही, त्याच्याकडेही आपली माहिती पोहोचलेली असतेच. कापडाच्या दलालाला निदान आपण चेहऱ्याने ओळखतो.

ही माहिती कुठवर जाते, याचे एक उदाहरण आपल्या सगळ्यांशी संबंधित आहे. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे अ‍ॅप जगभरात कोट्यवधी लोकांनी घेतले आहे. भिवंडीतही ते कितीतरी फोनमध्ये सापडेल. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी प्रकाशनाने उघड केले की या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांचे ठिकाण ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होते आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकी लष्कराची कंत्राटे घेणारे होते. अ‍ॅपवाल्यांनी लष्कराला माहिती विकल्याचा इन्कार केला, पण एक्स-मोडशी संबंध तोडल्याचेही जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला आणि तिच्या नव्या नावाच्या अवताराला लोकांची संवेदनशील ठिकाणे विकण्यास मनाई केली. म्हणजे आपण मशिदीत किती वाजता गेलो, हासुद्धा कुणाच्या तरी वहीत लिहिला जाणारा माल होता.

वेबवरची पहिली ठळक पट्टीची जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ या साइटवर झळकली. तेव्हा ती बिचारी एक पट्टी होती. आता ती पान झाकते, आवाज करते, बंद करण्याची फुली नखाएवढी ठेवते आणि चुकून बोट लागले की दुसरीकडेच नेऊन सोडते. मुलीला नोट्स हव्या असतात. पानावर ‘डाउनलोड’ची चार मोठी हिरवी बटणे असतात आणि त्यातली तीन जाहिराती असतात. शिवाय दिवसाचा दीड जीबी डेटा ज्याला घरभर पुरवायचा आहे, त्याच्या पाकिटातून या जाहिरातींच्या चित्रांचे आणि व्हिडिओंचे पैसे जातात, ते वेगळेच.

आता उपायांकडे वळू. एक खबरदारी आधी सांगतो: जो उपाय कराल तो घरातल्या एखाद्या समजदार भाच्या-पुतण्याला सोबत बसवून करा, म्हणजे पुढच्या वेळी तोच शेजारच्यांना करून देईल.

भिवंडीत बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन आहेत आणि त्यात क्रोम ब्राउझर आधीच बसवलेला येतो. अडचण अशी की फोनवरच्या क्रोममध्ये जाहिराती रोखणारे जोड-साधन, ज्याला एक्स्टेंशन म्हणतात, बसवताच येत नाही. क्रोम गुगलचा आहे आणि गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो, एवढे लक्षात घेतले की नवल वाटत नाही. म्हणून सोपा मार्ग म्हणजे प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्यावा. तो उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘एक्स्टेंशन्स’मध्ये जावे, तिथल्या यादीत ‘यूब्लॉक ओरिजिन’ दिसते, ते जोडावे. गडद लाल ढालीचे चिन्ह ही त्याची खूण. पाच मिनिटांचे काम आहे, पैसे पडत नाहीत आणि पुढे काही करावे लागत नाही. ज्यांना तेवढाही खटाटोप नको, त्यांनी ब्रेव्ह हा ब्राउझर घ्यावा. त्यात जाहिराती रोखण्याची सोय मुळातच आहे.

यूब्लॉक ओरिजिनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण या बाजारात असा माणूस विरळा. रेमंड हिल या प्रोग्रामरने २०१४ मध्ये मूळ ‘यूब्लॉक’ तयार केले. पुढल्या वर्षी त्याने ते दुसऱ्याच्या हाती सोपवले, पण तिथला कारभार वेगळ्या वाटेने जाऊ लागला, तेव्हा त्याने ‘ओरिजिन’ हे नाव लावून स्वतःचे काम पुढे चालू ठेवले. लाखो लोक ते वापरतात आणि हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. उलट ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ने २०११ पासून ‘मान्य जाहिराती’ अशी योजना काढली. सौम्य जाहिरातींना वाट मोकळी आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे. बेकायदा काही नाही. पण पहारेकऱ्याने आत येणाऱ्यांकडूनच पगार घ्यावा, हे मला काही पटत नाही. अर्थात ती सवलत सेटिंगमध्ये बंद करता येते.

नावावरून फसू नका, हे मात्र निक्षून सांगायचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये ‘अ‍ॅडगार्ड’ कंपनीच्या तज्ज्ञाने दाखवून दिले की क्रोमच्या अधिकृत स्टोअरमध्येच पाच खोटे ब्लॉकर होते आणि ते दोन कोटींहून जास्त लोकांनी बसवले होते. खऱ्याशी मिळतेजुळते नाव, आत भलतेच काम. गुगलने ती नंतर काढून टाकली. म्हणून यूब्लॉक घेताना ‘ओरिजिन’ हा शब्द आणि रेमंड हिल हे नाव दोन्ही पाहा.

कॉम्प्युटरवर, म्हणजे दुकानात, सायझिंगच्या ऑफिसात किंवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर, फायरफॉक्समध्ये हेच साधन पूर्ण ताकदीने चालते. क्रोममध्ये आता चालत नाही. गुगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीची साधने टप्प्याटप्प्याने बंद केली. कारण सुरक्षिततेचे आणि वेगाचे दिले. ते काही अंशी खरेही असेल, पण बंद पडलेल्यांत सर्वांत प्रभावी ब्लॉकर होता, हे कसे विसरायचे? क्रोमच हवा असेल तर ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ ही त्याच हातची हलकी आवृत्ती मिळते. थोडी कमी पडते, पण नसण्यापेक्षा खूप बरी. आयफोनवाल्यांनी फायरफॉक्सच्या मागे लागू नये, तिथे त्यात एक्स्टेंशन बसत नाही. सफारीसाठी २०१५ पासून ब्लॉकरची सोय आहे, अ‍ॅप स्टोअरवरून ब्लॉकर घेऊन तो सफारीच्या सेटिंगमध्ये चालू करावा.

हे सगळे झाले ब्राउझरपुरते. गेम, हवामान, किब्ला अशा अ‍ॅपमधल्या जाहिरातींना ब्राउझरचा ब्लॉकर हात लावू शकत नाही. त्यासाठी अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्ते सांगणारी वही. फोन प्रत्येक वेळी त्या वहीला विचारतो, अमुक साइट कुठे आहे? आपण अशी वही निवडायची, जी जाहिरातवाल्यांचे पत्ते सांगतच नाही. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात प्रायव्हेट डीएनएस शोधावे आणि पत्त्याच्या जागी ‘फॅमिली डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम’ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. मुलांच्या घरासाठी मला हा पत्ता सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो जाहिरातींबरोबर अश्लील साइट्सही अडवतो. एखादे वेळी बँकेचे किंवा दुसरे अ‍ॅप रुसले तर ही सेटिंग तेवढ्यापुरती बंद करून पुन्हा चालू करावी. यूट्यूबच्या जाहिराती मात्र याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरातून येतात. आणि हेही खरे की आपण कोणत्या साइटचा पत्ता विचारतो, हे त्या वहीवाल्याला दिसते. एकावर विश्वास ठेवून शंभरांपासून सुटका, असा हा हिशेब आहे.

बऱ्याच घरांत ‘फोनला व्हायरस लागलाय’ अशी तक्रार असते. वरून सूचना येतात, ‘तुमचा फोन धोक्यात आहे’, ‘तुम्ही जिंकलात’. पुष्कळदा तो व्हायरस नसतोच. कधीतरी एखाद्या साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असे विचारले आणि घाईत कुणीतरी ‘अलाउ’ दाबले, एवढेच झालेले असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे. अनोळखी नावे दिसतील, ती बंद करावीत. एवढ्यासाठी फोन दुरुस्तीवाल्याला पैसे द्यायची गरज नाही.

हा सगळा खटाटोप फक्त त्रास टाळण्यासाठी नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना जाहीर सूचना दिली होती की ठग मंडळी शोधयंत्रात जाहिरात देऊन खऱ्या कंपनीची किंवा बँकेची नक्कल करतात, म्हणून शोध घेताना जाहिरात-रोधक वापरावा. आपल्याकडे बँकेचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधणारे, स्वस्त उमराहचे पॅकेज शोधणारे, नोकरी शोधणारे याच जाळ्यात सापडतात. शोधात सर्वांत वर येणाऱ्या ओळीवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेले असते, ते आधी वाचावे. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो. हजच्या अर्जाची माहिती हज कमिटी ऑफ इंडियाच्या अधिकृत साइटवर असते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

कायदा काही करत नाही असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला. त्यात खेळ नशिबाचा की कौशल्याचा हा भेद ठेवलेला नाही, आणि अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती रोखण्यास मनाई करतो. पण परदेशात बसून सट्ट्याची साइट चालवणाऱ्याला दिल्लीतल्या कायद्याची कितीशी धास्ती? तोवर घराची कडी आपणच लावलेली बरी.

आता एक प्रामाणिक शंका. जाहिरात अडवणे म्हणजे साइटवाल्याचा हक्क मारणे नव्हे का? फुकट वाचायचे आणि ज्यावर त्याचे पोट आहे तेच झाकायचे? शंका रास्त आहे. हाताने लिहिणाऱ्या, बातमी आणणाऱ्या माणसाला मोबदला मिळालाच पाहिजे. तुमच्या हातातल्या या मासिकालाही जाहिरातींचा आधार लागतोच. पण शेरवानीच्या दुकानाची आमची जाहिरात तुम्ही मशिदीत गेलात की बाजारात, हे बघत तुमच्या मागे फिरत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये एका मोठ्या वृत्तसमूहाचा दावा फेटाळून ब्लॉकर ही अनुचित स्पर्धा नव्हे असे ठरवले. कॉपीराइटच्या अंगाने तो वाद तिथे अजून चालला आहे. शरीअतच्या दृष्टीने कुणाला प्रश्न असेल तर त्याने आपल्या आलिमांना विचारावे, तो माझा अधिकार नाही. मी स्वतः मधला रस्ता धरतो. ज्या वृत्तपत्राच्या साइटवर मी रोज जातो आणि जिच्या जाहिराती सभ्य आहेत, तिथे ब्लॉकर बंद ठेवतो. यूब्लॉकमध्ये ढालीवर बोट लावून मोठे पॉवरचे बटण दाबले की तेवढ्या साइटपुरता तो बंद होतो. जिथे वर्गणी परवडते तिथे वर्गणी भरतो. बाकीच्यांसाठी दार बंद.

फोन आज घरी आला की आधी नोटिफिकेशनची यादी साफ करा, मग प्रायव्हेट डीएनएस लावा, फायरफॉक्स नंतर निवांत. आणि घरात आजी-आजोबांचा वेगळा फोन असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा. कुरआनची तिलावत ऐकता ऐकता मधेच सुरू होणाऱ्या जाहिरातीची फुली त्यांना सापडत नाही.