बेडसे, भाजे, कार्ले : एका दिवसात तीन लेणी कशी पाहावीत

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कामशेत आणि मळवलीच्या आसपास, डोंगरांच्या कुशीत तीन लेणीसमूह आहेत : बेडसे, भाजे आणि कार्ले. प्रत्येकाचं वय दोन हजार वर्षांच्या घरात आहे. सकाळी निघालं तर तिन्ही पाहून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येतं. तरीही पुण्यातल्या बहुतेकांनी यातलं एकच पाहिलेलं असतं, तेही कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला गेल्यावर जाता जाता. दहा मिनिटं आत फिरायचं, स्तूपापाशी फोटो काढायचा आणि खाली उतरायचं.

ही लेणी जाणकार मार्गदर्शकाबरोबर, योग्य क्रमाने आणि सावकाश पाहिली, तर संध्याकाळी परतताना आपल्याला लेणी वाचता येऊ लागलेली असतात. तो दिवस कसा आखायचा आणि कुठे काय बघायचं, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

आदली संध्याकाळ : पाताळेश्वर

तयारी शहरातच होते. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं शैव लेणं. उद्याच्या बौद्ध लेण्यांशी त्याचा धर्माने किंवा काळाने संबंध नाही. पण लेणं म्हणजे काय, हे समजायला याहून जवळची जागा नाही. अंगणातला गोल नंदीमंडप नीट पाहा. त्याचे खांब आणि छत बाहेरून आणून बसवलेले नाहीत. सगळं अंगण खाली खोदत नेलं आणि मंडपापुरता कातळ तेवढा मागे ठेवला. बांधकामात दगडावर दगड चढतो. लेण्यात नको असलेला दगड निघून जातो. चुकून जास्त निघाला तर परत लावता येत नाही. आतल्या भागात काम अर्धवट राहिलेलं दिसतं, तेही बघून ठेवा.

क्रम सूर्य ठरवतो

काळाप्रमाणे पाहायचं तर आधी भाजे, मग बेडसे, शेवटी कार्ले. भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, बेडसे पहिल्या शतकातलं, आणि कार्ल्याचं मोठं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. काही अभ्यासक ते थोडं नंतरचं मानतात. पण बेडशाची लेणी पूर्वाभिमुख आहेत. सकाळचं ऊन थेट खांबांवर पडतं तेव्हाच तिथलं कोरीवकाम उठून दिसतं. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत. तिथे प्रकाश दुपारनंतर आत शिरतो. म्हणून जाणते लोक बेडशाने सुरुवात करतात, दुपारच्या आधी भाज्याला पोहोचतात आणि तीनच्या सुमारास कार्ल्याच्या पायऱ्या चढतात. भाज्याला गेल्यावर काळात एक पाऊल मागे जावं लागतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

पुण्याहून सकाळी साडेसहाला निघणं बरं. लोकलनेही जाता येतं : बेडशासाठी कामशेत, भाजे-कार्ल्यासाठी पुढचं मळवली. मात्र दुपारच्या वेळी लोकलच्या फेऱ्या विरळ असतात. तिन्ही ठिकाणं करायची तर गट करून मिनीबस ठरवणं सोयीचं. गट पंधरा-वीसच्या वर नसावा. त्याहून मोठ्या गटात मागच्यांना काही ऐकू जात नाही आणि पुढचे थांबत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना एकच प्रश्न विचारावा : लेण्यांतल्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचता येते का? पुण्यात अशी माणसं सापडणं अवघड नाही. डेक्कन कॉलेज, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी पुरातत्त्व आणि भारतविद्या शिकलेल्यांची परंपराच या शहरात आहे. वाचता येणारा माणूस बरोबर असला की काय फरक पडतो, ते कार्ल्याला कळतं.

बेडसे : सकाळचं ऊन

बेडसे गावातून चारशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलं की समोर लेणं दिसतच नाही. दोन बाजूंना न कोरलेला कातळ तसाच उभा आहे आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने आत जावं लागतं. वाट संपली की एकदम उंच खांब समोर येतात. मधे दोन सुटे खांब आणि कडेला भिंतीत गुंतलेले दोन अर्धे. प्रत्येकावर घंटेच्या आकाराचं शीर्ष, आणि त्याच्या वर घोडे, हत्ती, बैल. त्यांच्यावर स्वार झालेली स्त्री-पुरुषांची जोडपी. दागिने, केशरचना, प्राण्यांच्या मानेचा बाक, सगळं सकाळच्या तिरप्या उन्हात स्वच्छ दिसतं. चैत्याच्या व्हरांड्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकचा एक व्यापारी पवन मावळातल्या डोंगरात पैसा खर्च करत होता, ही गोष्ट इथे मनात नोंदवून ठेवा.

आत गेल्यावर खांब साधे, अष्टकोनी आहेत. त्यांच्याकडे बाजूने पाहा : ते किंचित आत कललेले आहेत. हा कल आज दिवसभर मोजायचा आहे.

शेजारचा विहारही सोडू नका. विहार म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण, आणि तो एरवी चौकोनी असतो. इथला मागच्या बाजूने अर्धगोल आहे, चैत्यगृहासारखा. असा विहार सहसा कुठे बघायला मिळत नाही.

भाजे : दगडात उतरलेलं लाकूड

मळवली स्टेशनच्या दक्षिणेला, द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव लागतं. मागे लोहगड आणि विसापूर. इथे २२ लेणी आहेत आणि मधलं भव्य चैत्यगृह देशातल्या सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक आहे.

आधी छताकडे पाहा. कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत. त्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि प्राचीन आहेत. कातळाच्या छताला लाकडी आधाराची गरज नसते; डोंगर स्वतःच उभा आहे. मग त्या कशाला? कारण हे लेणं कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाची इमारत होती. त्या काळातली मोठी सभागृहं लाकडाचीच असत. ती काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्यांचं रूप कातळात टिकलं.

आता खांब पाहा. इथे ते बेडशापेक्षा स्पष्टपणे आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आतल्या बाजूला कलते रोवत. दगडात तो भार तसा येतच नाही, तरी कारागिरांनी कल जसाच्या तसा उतरवला. पुढे बेडशात तो थोडाच उरला. कार्ल्याला खांब सरळ उभे आहेत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कारागीर दगडाला दगड म्हणून ओळखू लागले. शिलालेख नसतानाही लेण्यांचा काळ कसा ठरवतात, याचं हे सर्वांत सोपं उदाहरण.

चैत्यगृहाचा दर्शनी भाग आज उघडा दिसतो. तिथे पूर्वी लाकडी पडदी होती. ती कुठे बसवली होती, हे कातळातल्या चौकोनी खाचा सांगतात. मार्गदर्शकाला त्या एकेक करून दाखवायला सांगा.

बाहेर आल्यावर १४ छोट्या स्तूपांचा समूह दिसतो. काही छताखाली, काही उघड्यावर. हे स्तूप इथल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे. काहींवर नावं कोरली आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन.

त्याच्या पुढे एका छोट्या विहाराच्या व्हरांड्यात दोन शिल्पं आहेत. एकात चार घोड्यांचा रथ अक्राळविक्राळ आकृतींवरून जातो आहे, दुसऱ्यात प्रचंड हत्तीवर स्वार झालेला पुरुष. सूर्य आणि इंद्र अशी त्यांची ओळख सांगितली जाते, पण अभ्यासकांत मतभेद आहेत. चांगला मार्गदर्शक दोन्ही बाजू सांगतो. हत्तीच्या खालच्या भागात एक स्त्री जोडीचं तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. शिल्प बोटभर अंतरावरून पाहता येतं; हात मात्र लावू नका.

खाली गावात पिठलं-भाकरीची सोय होते. आधी सांगून ठेवलं तर वेळ वाचतो.

कार्ले : खांबांवरची माणसं

कार्ल्याच्या आवारात शिरताच दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात : एकवीरा आईचं देऊळ आणि चैत्यगृहाचा दर्शनी भाग. कोळी, आगरी आणि इतर अनेक कुळांची ही कुलस्वामिनी. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. रविवारीही गर्दी असते. लेणी निवांत पाहायची तर आठवड्याच्या मधला वार निवडावा. आधी देवीचं दर्शन घ्या, मग लेण्यात शिरा.

दाराबाहेर डाव्या हाताला सोळा पैलूंचा सिंहस्तंभ आहे. महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक याने तो दिला, असं त्यावर कोरलं आहे. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना हत्ती, आणि दारांच्या मधल्या भिंतींवर स्त्री-पुरुषांच्या भरदार जोड्या. मधेमधे बुद्धाच्या मूर्ती दिसतात. त्या काही शतकांनंतर, महायान काळात कोरलेल्या. एकाच भिंतीवर दोन काळ आहेत, हे सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

आतलं चैत्यगृह भारतातलं सर्वांत मोठं. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४५ फुटांच्या आसपास. एकूण ३७ खांब. दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी पंधरांवर घटाचा पाया, घंटेचं शीर्ष आणि वर स्वार. स्तूपामागचे सात मात्र साधे. बेडशात व्हरांड्यापुरतं असलेलं वैभव इथे आत आलं आहे. छताच्या लाकडी फासळ्या शाबूत आहेत, आणि स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा. दुपारी दर्शनी भागातल्या मोठ्या पिंपळपानी कमानीतून प्रकाश आत येतो आणि स्तूप उजळतो.

आता मार्गदर्शकाला खांबांवरचे लेख वाचायला सांगा. धेनुकाकट नावाच्या गावाची माणसं इथे पुन्हा पुन्हा भेटतात. तिथले यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा तसे म्हणवले जाणारे लोक, खांब दान देतात. तिथला सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त एका दाराचा खर्च देतो. तिथलाच सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, दार आपण केल्याचं कोरून ठेवतो. सोपाऱ्याचा सातिमित्र नावाचा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारा, एक खांब देतो. आणि व्हरांड्याच्या डाव्या टोकाला, हत्तींच्या वर, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल अभिमानाने लिहितो, की जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातली बनवासी.

राजेही आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात इथल्या भिक्खूंना करजिक गाव दान देतो, आणि पुढे सातवाहनांनी त्याच परिसराचं दान नव्याने दिल्याचा लेख आहे. सत्ता बदलली तरी संघाची सोय चालू राहिली. त्यामागचं कारण भूगोलात आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतला माल बोरघाट चढून देशावर येई. व्यापाऱ्यांचे तांडे याच खोऱ्यातून जात, आणि वाटेवरच्या संघाला हीच माणसं हातभार लावत. पुण्यात राहणाऱ्या इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी हा परिसर पायी पालथा घातला आणि १९५५ साली धेनुकाकटावर लेख लिहिला. लेणी व्यापारी वाटांशी जोडून पाहण्याची दृष्टी त्यांच्यामुळे बळकट झाली.

जगात इतरत्रही अशा सहली चालतात. मेक्सिकोत कॅनकूनहून रोज बसगाड्या चिचेन इत्सा या माया संस्कृतीच्या शहराकडे निघतात. तिथला मार्गदर्शक पिरॅमिडच्या चार बाजूंच्या पायऱ्या आणि माथ्यावरची एक मिळून ३६५ कशा होतात ते सांगतो, टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकवतो. भाजे कोरलं जात होतं त्या शतकांत मायांची एल मिराडोरसारखी नगरं ग्वातेमालाच्या जंगलात उभी होती. दोन्हीकडे लिपी विसरली गेली होती. ब्राह्मी जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली उलगडली. माया लिपीची गुरुकिल्ली १९५२ साली युरी क्नोरोझोव्हच्या लेखनातून हाती लागली. मायांच्या शिलास्तंभांवर मुख्यतः राजे बोलतात : राज्याभिषेक, लढाया, वंशावळी. कार्ल्याला सुतार, अत्तरविक्रेते आणि यवन बोलतात. म्हणूनच वाचणारा माणूस बरोबर हवा. त्याच्याशिवाय हे सदतीस खांब नुसतेच सुंदर राहतात.

बरोबर काय न्यावं, काय टाळावं

पकड असलेले बूट, प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि छोटी विजेरी. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, भाज्याजवळ धबधबा असतो, पण पायऱ्या शेवाळतात आणि ढगाळ हवेत उन्हाचा खेळ दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. भाजे आणि कार्ल्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तिकीट लागतं. १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. कातळाच्या कपारींत आग्या मोहोळं असतात, म्हणून तीव्र अत्तर, धूर, आरडाओरडा टाळावा. खडू किंवा पाणी लावून शिलालेख उठावदार करण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. विजेरी बाजूने तिरपी धरली की अक्षरं आपोआप दिसतात.

या दिवसानंतर जुन्नरला जावं. त्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथे पोहोचल्यावर मार्गदर्शकाने तोंड उघडण्याआधी आपण स्वतः पाहायचं : खांब कलते आहेत की सरळ, प्राणी कुठे आहेत, लाकडाच्या खाचा आहेत का, नावं कुणाची कोरली आहेत. उत्तरं येऊ लागली, की मावळातला दिवस सार्थकी लागला.