शिंगं कुणी लावली?

मैत्रिणींनो, मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातला व्हायकिंग तुम्ही पाहिला असेलच. तांबडी दाढी, हातात कुऱ्हाड आणि डोक्यावर बैलासारखी दोन शिंगं! गेल्या वर्षी धाकट्याच्या फॅन्सी ड्रेससाठी मीही रात्र जागवून पुठ्ठ्याची शिंगं चिकटवली. पण ती शिंगं खोटी बरं का!

नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३ साली दहाव्या शतकातलं लोखंडी शिरस्त्राण तुकड्यांत सापडलं. जोडून पाहिलं तर पालथ्या वाडग्यासारखी गोल टोपी, पुढे डोळे-नाक जपायला चष्म्यासारखी पट्टी. शिंगं नाहीतच! असतील कशी? वरून आलेला घाव शिंगात अडकला, तर टोपीसकट मान हिसकायची!

शिंगं आली ती नाटकातून. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या संगीतिका झाल्या. त्यांच्या वेशभूषेत कार्ल एमिल डोप्लर यांनी शिंगांच्या टोप्या घातल्या, आणि तेच चित्र लोकांच्या डोळ्यांत बसलं. डेन्मार्कात शिंगांची खरी शिरस्त्राणं मिळाली आहेत. पण ती ब्राँझयुगातली, व्हायकिंगांच्या दीड हजार वर्षांहूनही आधीची.

यंदा मी वाडग्यावर खळीने कागदाचे थर दिलेत. टोपी वाळतेय. धाकटा मात्र शिंगांसाठी अडून बसलाय!